मारामारी वाढली की कमी झाली?



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एका बाबांनी आम्हांला अडवले. म्हणाले, "गुरुजी, वर्तमानपत्र वाचायला शिकलो अन् झोप उडाली. रोज कुठं खून, कुठं लढाई. पूर्वी असं नव्हतं. जग बिघडत चाललंय, नाही का?"

प्रश्न खरा आहे. आज त्याचाच विचार करू.

आधी आपल्या गावांकडे पाहा. कित्येक गावांना वेस असते. जुन्या गावकुसाचे दगड दिसतात. कुठे पडक्या गढीचा बुरूज उभा असतो. एवढे दगड लोकांनी हौसेने वाहिले का? नाही. लुटारूंच्या भीतीने वाहिले. पेंढारी हे असेच घोड्यावरून येणारे लुटारू. १८१६ साली ते नर्मदेकडून निघाले आणि पार गुंटूरच्या मुलखात, म्हणजे आजच्या आंध्रात, उतरले. बारा दिवसांत त्यांनी ३३९ गावे लुटली. १८२ माणसे ठार मारली. पैसा कुठे पुरला ते सांगावे म्हणून साडेतीन हजारांवर लोकांचे हाल केले. कंपनी सरकारच्या दफ्तरात ही नोंद आहे.

त्याच्याही फार मागे जाऊ. १९९१ साली युरोपात, आल्प्स पर्वताच्या बर्फात, एका माणसाचे प्रेत सापडले. ते सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे होते. त्याच्या खांद्यात पाठीमागून घुसलेले बाणाचे टोक होते. तेव्हा जुना काळ सगळा सुखाचा होता, असे काही म्हणता येत नाही.

पण मारामारी कमी झाली, हे कसे ठरवायचे? पीक कसे आले, हे आपण कसे विचारतो? एकरी किती पोती, असे विचारतो. तसेच इथे लाख माणसांमागे वर्षाला किती खून, असे विचारायचे. दोन हजार वस्तीची पन्नास गावे घेतली, की लाख माणसे झाली.

इंग्लंडात सातशे वर्षांपूर्वीच्या खुनांच्या नोंदी सापडतात. त्यांवरून अभ्यासकांनी अंदाज केला. अशा पन्नास गावांत तेव्हा वर्षाला वीसेक खून होत. आज सुमारे एक होतो. आपल्या देशात पोलिसांच्या नोंदींप्रमाणे १९९२ साली लाखामागे चार-पाच खून झाले. २०२२ साली सुमारे दोन झाले.

हे का झाले? माणूस देव झाला म्हणून नव्हे. पूर्वी कोणी मारला, तर त्याचे भाऊबंद सूड घेत. मग दुसरी बाजू उठे. बापाचे वैर लेकाकडे येई. पुढे सूड घेण्याचे काम घराण्याच्या हातून निघाले आणि न्यायालयाकडे गेले. हे एक मोठे कारण. लोक शिकले, व्यापारउदीम वाढला, एकमेकांची गरज लागू लागली, हीही कारणे सांगतात.

स्टीव्हन पिंकर नावाच्या विद्वानाने २०११ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून सांगितले, की हिंसा कमी होत आली आहे. पण सगळ्या विद्वानांना हे पटत नाही. ते म्हणतात, लढायांचे काय? कलिंगाच्या लढाईत एक लाख माणसे मारली गेली, असे सम्राट अशोकाने स्वतः दगडावर कोरून ठेवले. त्याला सगळे सैन्य लागले. १९४५ साली हिरोशिमा शहरावर एकच बाँब पडला. वर्षअखेरपर्यंत तिथे सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मेली, असा अंदाज आहे. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धात सहा-सात कोटी माणसे गेली. मोठी लढाई ही मोठ्या पुरासारखी असते. पन्नास वर्षे पूर आला नाही, म्हणून कोणी नदीच्या पात्रात घर बांधत नाही.

आणखी एक गोष्ट. खुनाच्या आकड्यात घरातली मारहाण येत नाही. सरकारने २०१९ ते २०२१ मध्ये घरोघर पाहणी केली. लग्न झालेल्या शंभर बायांपैकी सुमारे २९ जणींनी सांगितले, की नवऱ्याने मारहाण किंवा जबरदस्ती केली आहे. आपल्या गावात दंगा नाही, असे आपण म्हणतो. शेजारच्या घरातले रडणे मात्र ऐकून सोडून देतो. घरातली मारहाण थांबवण्यासाठी २००५ साली कायदा झाला आहे. तो बायांना ठाऊक हवा, आणि बाप्यांनाही.

तेव्हा बाबांना आम्ही काय सांगितले? म्हणालो, "बाबा, खून कमी झाले हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पण ते आपोआप झालं नाही. माणसांनी केलं. आणि माणसांनी सोडलं, तर परत वाढंल."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "भावाचा अन् माझा बांधावरून वाद हाय. परवा पोरगा कुऱ्हाड घेऊन निघाला होता."

त्या रात्री बाबांनी आमच्यासमोर बसून मोजणीचा अर्ज लिहिला. स्वतःच्या हाताने. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात दुसऱ्या दिवशी दिला. मोजणी अजून व्हायची आहे. भाऊही अजून बोलत नाही. पण कुऱ्हाड घरात आहे.

मंडळी, आपल्यापैकी कुणाचा असा बांध असेल, तर उद्या पाटी-पेन्सिल घेऊन थोडे लवकर या. अर्ज कसा लिहायचा, ते आपण शिकू.