काटकसर पायात असते

मी कविता लिहिणारा माणूस. गाडीच्या बॉनेटखाली काय चालते, ते मला माझ्या भाच्याने शिकवले. तो टेम्पो चालवतो. त्याच्या शेजारी बसून मी पुष्कळ रस्ता पाहिला आहे.

त्याची रोजची धाव २१० किलोमीटरची. टेम्पो लिटरला १४ किलोमीटर गेला तर १५ लिटर डिझेल लागते. १५ गेला तर १४ लिटर पुरते. फरक एका लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले, तर महिन्याच्या २५ दिवसांत सव्वादोन हजार रुपये. एखाद्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण भाड्याचा दर गिऱ्हाईक पाडून मागते, डिझेलचा दर पंपावर लिहिलेला असतो. मधला हा एक लिटर तेवढा चालकाच्या हाती. मुलीची फी त्यातूनच निघते.

एसटीच्या आगारात हा हिशेब जुना आहे. दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली, ते तिथे मोजतात. गाडी तीच, मार्ग तोच. चालक बदलला की आकडा बदलतो.

असे का होते? लांबवर सिग्नल लाल दिसतो. एक जण तिथपर्यंत गाडी दामटतो आणि कचकन ब्रेक मारतो. दुसरा लाल दिवा दिसताच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो आणि आहे त्या वेगावर गाडी पुढे जाऊ देतो. दोघेही एकाच दिव्याखाली थांबतात. पहिल्याने मात्र जाळलेले डिझेल ब्रेकमध्ये तापवून वाऱ्यावर सोडलेले असते.

वेगाचेही तसेच. ताशी ५० चे १०० केले, की हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. टपावरचा रिकामा कॅरिअरही तीच हवा अडवतो. सिग्नलला बराच वेळ थांबायचे असेल, तर इंजिन बंद करावे.

गाडीची निगा म्हणजे मोठा खर्च असे नाही. चाकांतली हवा पंधरवड्याला, चाके थंड असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. हवा कमी असली की इंजिनाला ती गाडी ओढावी लागते. क्लचवर पाय ठेवून चालवू नये. सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलून कार सहज हलत नसेल, तर ब्रेक धरत असण्याची शक्यता आहे, मेकॅनिकला दाखवावे. काळा धूर म्हणजे तर अर्धवट जळालेले डिझेल. पैसे आपण पुरे मोजलेले असतात.

आता एका खोट्या काटकसरीबद्दल. उतार लागला की काही जण गाडी न्यूट्रल करतात, काही तर इंजिनच बंद करतात. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ही समजूत उलटी ठरते. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला, की इंधन जवळजवळ बंदच होते. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. आणि इंजिन बंद केले, तर स्टीअरिंग जड होते, ब्रेकची ताकद संपत जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने कितीतरी वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तेव्हा प्राथमिक तपासात सांगितले गेले. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. इथे तर जीवच जातो.

आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. हा आकडा एकट्या चालकाला पेलणारा नाही. पण रिक्षात किंवा टेम्पोत बसल्यावर “जरा दाबा हो, उशीर होतोय” असे म्हणणारे आपणच असतो. आपली ती घाई त्याच्या पायात उतरते आणि त्याच्या खिशातून जाते. दहा मिनिटे आधी घरून निघणे, एवढे तरी आपल्याला नक्कीच जमेल.