सभेत बसणे आणि ठरावात उतरणे

(भंडारा जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला विषय दिला आहे तो असा : स्त्रियांचे नेतृत्व, पर्यावरण आणि अहिंसक समाजपरिवर्तन. कार्यक्रमपत्रिकेवर वाचले तेव्हा जरा दडपणच आले. एकेका शब्दावर तीन-तीन दिवसांची शिबिरे होतात. पण मग वाटले, आपल्या जिल्ह्यात हे तिन्ही विषय वेगळे कुठे आहेत? तलावाच्या पाळीवर उभे राहिले की तिन्ही एकदम समोर येतात. म्हणून मी तलावापासून बोलणार आहे, आणि त्याआधी एका रजिस्टरपासून.

लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात मी महिला ग्रामसभेला गेले होते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, अशी तरतूद आपल्या ग्रामपंचायत कायद्यात २००३ साली झाली. सभेची वेळ सकाळी अकराची. दिवस रोवणीचे. अकरा वाजता गावात बाई कशी सापडणार? ती बांधीत, गुडघाभर चिखलात. समाजमंदिरात आम्ही सात जणी होतो, त्यातल्या दोन अंगणवाडीच्या. रजिस्टर उघडले तर त्यात चाळीसच्या वर सह्या आणि अंगठे होते. आदल्या संध्याकाळी ते घरोघरी फिरून आले होते. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, "तुमचीही सही आहे का यात?" त्या म्हणाल्या, "अंगठा त मी देल्ला, बाई. पन वाचून कोनं दाखवलं?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या. १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा देशभर बंधनकारक झाल्या. २०११ साली आपल्या राज्यात हे प्रमाण निम्म्यावर गेले. हे सहज मिळालेले नाही, चळवळीने मिळवले आहे, आणि ते कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही. आज सरपंच बाई, सदस्य बाया, बचतगटाच्या अध्यक्ष बाया गावोगाव आहेत. पण गावाचा तलाव कोणाला द्यायचा, गाळ कुठे टाकायचा, पाणी कधी सोडायचे, हे ठरते तिथे त्या आहेत का? आणि असल्या तरी त्या जे बोलल्या ते ठरावात उतरते का? माझ्या मते नेतृत्वाची परीक्षा इथे आहे.

कायद्यातली एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती आपल्यापैकी अनेकींना ठाऊक नसते. ग्रामसभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी लोक येणार नाहीत अशी वेळ ठेवली की दुसऱ्या दिवशी दहा जणांत सगळे विषय मंजूर करता येतात. यात कोणी काठी उगारत नाही, कोणी ओरडत नाही. गाव शांतच राहते. अशा शांततेला अहिंसा म्हणायचे का, याचा आपण विचार केला पाहिजे.

आता तलावाकडे येते. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, असे आपण शाळेत शिकलो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उतार पाहून, पाळी घालून हे तलाव बांधले. पाळ, सलंग, तुडुम हे त्यांचे शब्द. जास्तीचे पाणी सलंगावरून जाते, शेताला लागणारे तुडुमातून निघते. एका तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत जाते. पुढे मालगुजारी आली. १९५०च्या कायद्याने ती संपली आणि तलाव सरकारकडे गेले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव म्हणतात. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालगुजार गेला हे चांगलेच झाले. पण तलावाची देखभाल करणारी गावाची व्यवस्थाही त्याच्याबरोबर मोडली, आणि तिच्या जागी नवी व्यवस्था गावात उभी राहिली नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, पोटात अतिक्रमणे झाली.

या तलावांवर धीवर समाज जगतो. पुरुष जाळे टाकतो; बाई मासळी डोक्यावर घेऊन बाजार करते, शिंगाडे काढते, उथळ पाण्यात झिंगे धरते. कुठल्या कोपऱ्यात पाणी वैशाखातही राहते, कोणत्या गवतात मासळी अंडी घालते, हे तिला माहीत असते. मात्र तलावाचा ठेका मिळतो मच्छीमार सहकारी संस्थेला, आणि त्या संस्थांच्या सभासद यादीत वर्षानुवर्षे पुरुषच होते. संस्था रोहू, कटला, मृगळ यांचे बीज आणून सोडत. स्थानिक जाती कमी होत गेल्या. काठावर बेशरम माजली. गावातल्या बाईला विचारले असते तर तिने सांगितले असते की पाणवनस्पती गेल्या म्हणून मासळी गेली. पण ती सभासदच नाही, तर विचारणार कोण?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात हे विचारले गेले. हा भाग आज गोंदिया जिल्ह्यात आहे. १९९९ पर्यंत तो भंडाऱ्याचाच होता, त्यामुळे मी त्याला परका मानत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी तलावांचा आणि धीवरांच्या ज्ञानाचा अभ्यास केला. पुढे शालूताई कोल्हे यांच्यासारख्या धीवर समाजातल्या कार्यकर्तीने बायांना एकत्र आणले. पाणी उतरल्यावर त्यांनी बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरून घेतला, हरवलेल्या पाणवनस्पती दुसऱ्या तलावांतून आणून लावल्या. आणि त्याचबरोबर बायांना संस्थेच्या सभासद करा, ग्रामसभेत आमचे ऐका, अशी मागणी लावून धरली. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. बाया आधी तलावात उतरल्या आणि मग सभेत उभ्या राहिल्या. हाताला चिखल लागलेला असल्यामुळे त्यांना "तुम्हाला काय कळते" असे म्हणणे अवघड झाले.

एक चूक मात्र आपण करू नये. "बाया आणि तलाव" म्हटले की सगळ्या बाया एका बाजूला, असे चित्र आपण रंगवतो. तसे नसते. धान पोटरीवर आला आणि पाऊस खंडला, तर शेतकरणीला तुडुम उघडलेले हवे असते. तलाव तळाला गेला तर धीवरणीची मासळी मरते. भूमिहीन बाईला गुरांसाठी आणि धुण्यासाठी पाणी उन्हाळ्यापर्यंत हवे. तिघींचेही म्हणणे खरे आहे. ही भांडणे मिटवायला सभा लागते, आणि सभेत तिघी सारख्या उंचीवर बसलेल्या लागतात. तलावात अमुक खुणेच्या खाली पाणी सोडायचे नाही, एवढा एक ठराव तिघींनी मिळून केला तरी ते मोठे काम आहे. तो करायला दोन वर्षे लागली तरी चालेल.

सभा वेळेवर झाली नाही तर काय होते, ते आपण वैनगंगेवर पाहिले. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. ३७२ कोटींचा प्रकल्प आज अठरा हजार कोटींच्या पुढे गेला आहे. प्रकल्पग्रस्तांनी मोर्चे काढले, धरणे धरली, उपोषणे केली, पाण्यात उभे राहून आंदोलने केली. त्या सगळ्यांत बाया होत्या, पुढच्या रांगेत होत्या. पण मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावरून होतो आणि सातबाऱ्यावर बाईचे नाव क्वचितच. नदीच्या रेतीत उन्हाळ्यात डांगरवाडी लावणाऱ्या बाईचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? काठावरची जळणाची काडी, रानभाजी, शेजारपाजार, माहेरची वाट, यांना रकानाच नाही. त्यात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून याच धरणात येते. पाणी साठले, पण घरात ते प्यायला वापरावे की नाही याची काळजी पुन्हा बाईनेच करायची.

मैत्रिणींनो, आता एका अवघड गोष्टीकडे येते. भंडारा जिल्ह्यात उभे राहून अहिंसेवर बोलायचे आणि खैरलांजीचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही. २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुका. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका, मुले रोशन आणि सुधीर. ही बाई शेती करत होती, मुलांना शिकवत होती, आपल्या शेतातून जाणाऱ्या वाटेच्या वादात दबून गेली नव्हती. ओळखीच्या माणसाला मारहाण झाली तेव्हा तिने साक्ष दिली, आरोपींची ओळख पटवली. म्हणजे तिने कोणता मार्ग धरला होता? कायद्याचा, साक्षीचा. आपण शिबिरात शिकवतो तोच. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी तिच्या घरावर आले. त्या संध्याकाळीही गाव जमले होते.

पुढे २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. २०१० साली उच्च न्यायालयाने सहा जणांची फाशी बदलून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. पण हा जातीचा अत्याचार होता, हे अॅट्रॉसिटी कायद्याखाली मान्य झाले नाही. जे सगळ्यांना दिसत होते ते कागदावर उतरले नाही.

म्हणून दलित, आदिवासी, धीवर बाईला जेव्हा आपण सांगतो की "बोल, उभी राहा, शांततेच्या मार्गाने लढ", तेव्हा आपल्यावर एक जबाबदारी येते. ती एकटी बोलणार नाही, याची व्यवस्था आधी केली पाहिजे. साक्षीला जाताना तिच्याबरोबर दहा जणी जाणार का? रात्री तिच्या घरी कोणी थांबणार का? यात कुणबी, कोहळी, तेली, पोवार घरातल्या बायांचे काम जास्त आहे, कारण त्यांच्याच घरातले पुरुष जमावात असू शकतात. आपल्या माणसाला दारात अडवणे ही त्यांची अहिंसा. ती मोर्चापेक्षा कठीण आहे. पण तिच्याशिवाय बाकीची अहिंसा म्हणजे दुबळ्याला दिलेला उपदेश होतो.

दुसरा अनुभव शेजारच्या गडचिरोलीतला आहे. मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने एक रीत पाळली : निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर थांबायचे, पुन्हा बोलायचे. आणि निर्णयाच्या सभेबरोबरच अभ्यासगट चालवायचे, जिथे निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचे असते. बायांच्या दृष्टीने ही रीत मला फार उपयोगी वाटते. हात वर करून मोजणी झाली की आपण हरतो. समजून घेण्याच्या बैठकीत मात्र ज्याला माहीत आहे त्याचे ऐकावे लागते. वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या उपस्थितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने हवा, असेही आहे. साकोली, लाखनी, तुमसर भागातल्या जंगलालगतच्या गावांत हे वाचून दाखवायला आपण गेलो आहोत का?

शेवटी स्वतःबद्दल सांगते. मी समाजकार्याची पदवी घेऊन आले आहे. ठराव लिहिणे मला चांगले जमते. एका गावात बायांनी तासभर आपल्या तलावाबद्दल सांगितले आणि मी त्याचा सुबक ठराव केला. "जलस्रोतांचे संवर्धन व परिसंस्थेचे पुनरुज्जीवन करण्यात यावे." वाचून दाखवला. सगळ्या गप्प. मग एक जण म्हणाली, "बाई, याच्यात आमचा तलाव कुठं हाय?" मी तो कागद फाडला. नंतर जो लिहिला त्यात तुडुमाजवळची फुटलेली पाळ होती, बेशरम होती, आणि ज्यांनी तो मुद्दा मांडला त्या बायांची नावे होती. म्हणजे त्या गावातही अंगठा घेऊन वाचून न दाखवणाऱ्यांच्या रांगेत मी थोडक्यात बसणारच होते.

तेव्हा आज इथून जाताना चारच कामे मनात ठेवू या. सभेची वेळ बायांच्या कामाकडे पाहून मागून घ्यायची. रोवणी-कापणीत रात्रीची, अंधाऱ्या वाटेने एकत्र येण्या-जाण्याची सोय करून. ठराव सभेतच लिहायचा, बोलीत लिहायचा, मोठ्याने वाचायचा आणि मगच सही. ठरावाची प्रत मागायची आणि गटाच्या पेटीत ठेवायची. मच्छीमार संस्थेत, वनहक्क समितीत, सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे का, ते आपल्या गावापुरते तपासायचे. आणि जी बाई सत्तेविरुद्ध बोलली तिच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन यायचे.

आणि हो, आज या मंडपातही बघू या. व्यासपीठावर आम्ही कोण बसलो आहोत, आणि चहाच्या पातेल्याजवळ कोण उभ्या आहेत? माझे झाले आहे. आता माइक त्यांच्याकडे द्यावा, अशी अध्यक्षताईंना विनंती करते.