सातूचा रस आणि तीन भांडीं

छत्रपति संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्यानें निघालें कीं वाटेंत चितेगांव लागतें. मराठी घरांना हें नांव ठाऊक झालें तें तेथील व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळें. घरगुती विजेचीं उपकरणें करणारी ती कंपनी २०१८ सालीं दिवाळखोरीच्या प्रक्रियेंत गेली. परंतु पैठणच्या जलाशयाचें पाणी मात्र अजून त्याच रस्त्यानें शहराकडे जातें. गोदावरीवरील जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्यावर शहर जगतें, आणि शहराच्या पलीकडे वाळूजच्या औद्योगिक वसाहतींतील कारखानेही चालतात. त्या कारखान्यांत बीअर करणारे कारखाने इतके आहेत कीं देशांतील बीअरच्या धंद्यांत या जिल्ह्याचें नांव अग्रभागीं घेतलें जातें.

जें तेथें उंच पोलादी टाक्यांत होतें, तें घरच्या स्वयंपाकघरांत करतां येईल काय, असा प्रश्न अलीकडे मराठी घरांत विचारला जाऊं लागला आहे. त्याचें कारण परदेश. अमेरिकेंत किंवा इंग्लंडांत राहणारा मुलगा सुटींत घरीं येतो आणि तिकडे शनिवारीं घरींच बीअर करतों म्हणून सांगतो. वडील मंडळी दचकतात, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ओढ्याकांठची हातभट्टी उभी राहते. इंग्लंडांत घरगुती बीअरवरील परवान्याचें बंधन १९६३ सालीं उठलें. अमेरिकेंत १९७८ च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष कार्टर यांनीं कायद्यावर सही केली, व दोन प्रौढ माणसांच्या कुटुंबास वर्षाला दोनशें गॅलन, म्हणजे सुमारें साडेसातशें लिटर, बीअर स्वतःच्या उपयोगासाठीं करण्याची मोकळीक मिळाली. तेव्हां मुलगा सांगतो तें तिकडे राजरोस आहे. येथें काय, तें पुढें येईलच. परंतु आधीं तो नेमकें करतो काय, हें पाहिलें पाहिजे.

हातभट्टींत आंबलेला रस उकळून त्याची वाफ थंड करतात, व मद्यार्क वेगळा काढतात. बीअरमध्यें असें गाळणें मुळींच नाहीं. धान्याला मोड आणणें, त्याची साखर करणें, ती साखर पाण्यांत उतरविणें आणि तो रस आंबविणें, एवढाच तिचा प्रपंच. यांतली पहिली पायरी तर मराठी गृहिणीस चांगली परिचित आहे. नाचणी भिजवावी, फडक्यांत बांधून ठेवावी, मोड आले कीं वाळवून दळावी आणि तें सत्त्व लहान मुलास खिरींतून द्यावें, हा क्रम घरोघरीं चालत आला आहे. मोड येतांना दाण्यांत एक पाचक द्रव्य उत्पन्न होतें. तें दाण्यांतील पिठाची साखर करूं लागतें. म्हणून तर सत्त्वाची खीर पातळ आणि गोडसर होते. बीअरसाठीं नाचणीच्या जागीं सातू घेतात, ज्याला कोणी जव म्हणतात. मोड आणून भट्टींत वाळविलेल्या सातूस माल्ट असें नांव आहे.

आतां मांडणीकडे वळूं. तिच्यांत मुख्य भांडीं तीन. वीस लिटर बीअर करावयाची, असें धरून हिशेब करणें सोयीचें. सर्वांत वरच्या पायरीवर उष्णोदकाचें भांडें. जुन्या वाड्यांतील न्हाणीघरांत ज्यांनीं तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना तें वेगळें समजावून सांगावयास नको. खालीं तोटी हवी, आंत उष्णतामापक हवा. मधल्या पायरीवर भिजवणीचें भांडें. यासाठीं अमेरिकेंतले हौशी लोक सहलीला थंड पाणी नेण्याचा जाड अंगाचा प्लास्टिकचा पिंप वापरतात. मराठवाड्यांतील दुकानांत, लग्नमंडपांत आणि कचेऱ्यांत बर्फाच्या पाण्याचा जो जार दिसतो, तो याच जातीचा. जो थंडी आंत धरून ठेवतो तो ऊनही धरून ठेवतो, ही गोष्ट एकदां ध्यानांत आली कीं निम्मी मांडणी सुचते. जारच्या तळापासून दोन बोटें वर छिद्रें पाडलेली पोलादी ताटली बसवितात, म्हणजे रस खालीं उतरतो आणि धान्य वर राहतें. तिसरें भांडें उकळण्याचें. तें निदान पस्तीस लिटरांचें असावें, कारण रस उकळूं लागला कीं दुधासारखा उतास येतो. तें तळाशीं, मोठ्या शेगडीवर. अशा रीतीनें पाणी वरून मध्यें व रस मधून खालीं आपल्या वजनानेंच उतरतो, पंपाचें काम पडत नाहीं. मात्र वरच्या पायरीवर पंचवीस लिटर कढत पाणी डोक्याच्या उंचीवर उभें असतें. घोडी लोखंडी अँगलची करून भिंतीस जखडावी, आणि तोटीला नळी घट्ट बांधावी. या छंदांत भाजण्याचेच अपघात अधिक, आणि ते बहुधा येथेंच होतात.

साडेचार किलो माल्ट भरडून घ्यावा. भरडून, दळून नव्हे. डाळ भरडतांना दाणा फुटावा पण पीठ होऊं नये अशी जी काळजी घेतात, तीच येथें. कारण सातूचीं टरफलें अखंड राहिलीं तरच त्यांच्या थरांतून रस गाळून उतरतो, पीठ झालें तर लगदा होऊन तोटी बंद पडते. जारमध्यें सुमारें साडेतेरा लिटर पाणी ७३ अंशांचें घालून त्यांत भरड ढवळली कीं मिश्रण ६७ अंशांच्या आसपास स्थिर होतें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत धान्यच मुळीं तापलेलें असतें. तेव्हां पाणी अंश-दीड अंश कमी ऊन घेतलें तरी चालतें. तें मिश्रण तासभर झांकून ठेवावें. साऱ्या विद्येचें मर्म या एका तासांत आहे. उष्णता ६३ अंशांकडे झुकली तर साखर अशी होते कीं ती पुढें जवळजवळ सगळी आंबून जाते व बीअर पातळ लागते; सत्तरीकडे गेली तर न आंबणारी साखर मागें राहून ती जड लागते; आणि ७८ च्या वर गेली तर तें पाचक द्रव्यच मरतें व काम तेथेंच थांबतें. कारखान्यांत हें सांभाळावयास यंत्रें असतात. घरीं एक जाड जार, एक उष्णतामापक आणि धीर.

तासानंतर तोटी हळू सोडावी. पहिला गढूळ रस परत वर ओतावा. स्वच्छ येऊं लागला कीं खालच्या भांड्यांत घ्यावा, व वरून ७६ अंशांचें सोळा-सतरा लिटर पाणी थोडें थोडें घालून धान्यांत राहिलेला गोडवा धुऊन काढावा. असा पंचवीस लिटर रस जमतो. तो तासभर खळखळ उकळतात, आणि त्यांत हॉप्स नांवाच्या वेलीचीं वाळलेलीं फुलें घालतात. बीअरचा कडूपणा त्यांचाच. आणि ती टिकते तीही बव्हंशीं त्यांच्यामुळेंच.

येथपर्यंत सारें स्वयंपाकासारखें आहे. यापुढचें काम मात्र शस्त्रवैद्याच्या टापटिपीचें. उकळलेला रस थंड होऊं लागला कीं हवेंतील कोणताही जंतू त्यावर वस्ती करूं शकतो. लुई पाश्चर यांनीं १८७६ सालीं बीअरवरील आपल्या ग्रंथांत बीअर नासण्याचें कारण जंतू असल्याचें दाखविलें; १८८३ सालीं एमिल हान्सेन यांनीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविण्याची रीत सिद्ध केली. त्यापूर्वीं चांगली बीअर होणें हें चांगलें विरजण लागण्यासारखें नशिबावर होतें. म्हणून यीस्ट पाकिटांतलें शुद्ध घ्यावें, आणि थंड रसाला ज्या ज्या वस्तूचा स्पर्श होणार ती आधीं घासून व मग जंतुनाशकानें धुवावी. नुसतें जंतुनाशक लावून मळ मरत नाहीं.

रस थंड करण्यासाठीं परदेशांत दहा-बारा मीटर तांब्याच्या नळीचें वेटोळें त्यांत बुडवून नळाचें पाणी सोडतात. शंभर लिटर पाणी त्यांत सहज वाहून जातें. हें वर्णन ज्या शहरानें आठवड्या-आठवड्यानें नळ येण्याचा अनुभव घेतला आहे, तेथें वाचून दाखविणेंसुद्धां अवघड. शिवाय वैशाखांत गच्चीवरच्या टाकीचें पाणीच इतकें ऊन असतें कीं त्यानें रस वीस अंशांवर येणें शक्य नाहीं. दुष्काळाची सवय असलेल्या ऑस्ट्रेलियांत हौशी लोकांनीं यावर साधी युक्ति काढली: उकळता रस उष्णता सोसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या डब्यांत तोंडापर्यंत भरून, झांकण घट्ट लावून, तो दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवावयाचा. रसाच्या उष्णतेनेंच डबा निर्जंतुक होतो, आणि पाण्याचा थेंब खर्च होत नाहीं. तांब्याच्या वेटोळ्याचा डौल त्यांत नाहीं. पण कोरड्या मुलुखास शोभणारी रीत हीच.

आंबण्याचें काम अठरा-वीस अंशांत एक-दोन आठवडे चालतें. मराठवाड्यांत तें मोकळ्या खोलींत वर्षांतले फार थोडे दिवस साधेल. त्यासाठीं जुना रेफ्रिजरेटर घेऊन त्याच्या वाटेंत वेगळा उष्णतानियामक बसवितात, कारण त्याचा स्वतःचा नियामक चार-पांच अंशांवर आणून यीस्टला निजवून टाकतो. आंबण्याची प्रगति घनतामापकानें कळते. दूध तपासण्याच्या काचेच्या नळीचा तो भाऊच. आरंभीं १.०४८ असलेली घनता १.०१२ वर येऊन दोन-तीन दिवस तेथेंच राहिली, तर काम झालें, व मद्यार्क सुमारें पावणेपांच टक्के झाला. ती स्थिर होण्याआधीं बाटल्या भरूं नयेत. बाटलींत फेंस यावा म्हणून वीस लिटरांस सव्वाशें ग्रॅम साखर घालतात. आंबणें अपुरें असतां ती घातली, तर बाटली फुटून कांच भिंतीपर्यंत उडते.

एवढें सारें करणारा जो मुलगा आहे, त्यानें हीच मांडणी चितेगांवांत उभारली तर काय होईल? मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. त्या वेळीं औरंगाबाद हैदराबाद राज्यांत होतें, व मराठवाड्यास तो पुढें लागू झाला. आज तो महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो. त्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून मादक पेय करणें हा गुन्हा आहेच. परंतु तें करण्याच्या हेतूनें साहित्य, भांडीं किंवा उपकरणें जवळ बाळगणें हाही गुन्हा आहे. ताडीपुरता तेवढा अपवाद. म्हणजे बीअरचा एक पेला भरण्यापूर्वींच, ती घोडी आणि तो जार त्या हेतूनें मांडला कीं घरधनी कायद्याच्या कक्षेंत आला. ‘थोडीशी, घरच्यापुरती’ अशी सवलत त्यांत नाहीं. परदेशांतून घरीं येणाऱ्या मुलांना हें सहसा कोणी सांगत नाहीं, आणि तीं पेटींतून यीस्टचीं पाकिटें व हॉप्स घेऊन येतात. पुण्यांत २००९ सालीं ‘डूलाली’ निघाली व तिच्यानंतर अनेक लहान बीअरगृहें निघालीं, तीं परवाना घेऊन, धंदा म्हणून. घरासाठीं तसा मार्ग नाहीं.

या कठोरपणामागें भय आहे, आणि तें पोकळ नाहीं. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणींत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. मात्र तें विष आंबविण्यांतून आलेलें नव्हतें. तें कारखान्यांत वापरावयाचें मिथेनॉल होतें, दारू म्हणून विकलेलें. सातूच्या रसापासून घरीं केलेल्या बीअरमध्यें अशा विषाचें प्रमाण नगण्य असतें. शास्त्राच्या दृष्टीनें हे दोन व्यवहार इतके भिन्न असतां एकाच कलमांत बसावेत, यांत न्यायाचा बारकावा कमी आहे असें वाटल्यावांचून राहत नाहीं. पण वाटणें वेगळें आणि कायदा वेगळा. कलम बदलेपर्यंत तें पाळावयाचें आहे.

पाण्याचा आक्षेपही घेतला जातो. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातूरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. त्याच एप्रिलांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांचें पाणी प्रथम निम्म्यानें व पुढें साठ टक्क्यांनीं तोडण्याचा आदेश दिला. त्या मानानें घरची मांडणी क्षुल्लक. वेटोळें टाळलें तर तीस-एकतीस लिटर पाण्यांत वीस लिटरांचें काम होतें, भांडीं धुण्याचें वेगळें.

तेव्हां चितेगांवच्या घरांत ज्याला ही मांडणी हातांनीं करून पाहण्याची हौस आहे, त्यानें हॉप्स आणि यीस्ट यांच्या अलीकडे थांबावें. जारमध्यें सातू तासभर भिजवावा, रस गाळावा, दहा-पंधरा मिनिटें उकळून थंड करावा, आणि आलें-लिंबू पिळून घरांतल्या सर्वांना द्यावा, मुलांनासुद्धां. तो गोड, भाजक्या धान्याच्या वासाचा आणि अंमळ दाट लागतो. त्याच दिवशीं संपवावा. उरला तर शीतकपाटांत ठेवावा, आणि त्यावर फेंस दिसूं लागला कीं चव न पाहतां मोरींत ओतून द्यावा.