कुमटगीचे जलमहाल

अफजलपूरहून सिंदगीमार्गे विजापूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला, शहर काही कोसांवर राहिले असता, कुमटगी हे शांत खेडे लागते. आदिलशाही सुलतानांनी येथे एक विलक्षण विहारस्थान उभारले. इतर बागांत पाणी इमारतीभोवती खेळते. येथे ते इमारतीच्या अंगातून खेळत असे. मनोऱ्यांवर चढविलेले पाणी खापरी नळांनी महालांत येई आणि छतातून पावसासारखे झरे. अवर्षणाच्या मुलखात राजाने जणू स्वतःपुरता पाऊस बांधून घेतला होता! भिंतींवर रंगविलेले चौगान खेळणारे घोडेस्वार आणि मल्ल आता पुसट झाले आहेत. दगड उभे आहेत. परंतु पाणी थांबले की अशी वास्तू मुकी होते. म्हणून येथे जतन म्हणजे केवळ भिंतींची डागडुजी नव्हे. तलाव, मनोरे आणि नळ यांचा परस्परसंबंध राखणे होय.