दोन विद्यांचे धनी



'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण मी माझ्या चौतीस वर्षांच्या मास्तरकीत किती वेळा उच्चारली असेन ह्याचा हिशेब करावयास बसलो, तर तो मलाच लाजवील. वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढणाऱ्याला ती ऐकविली. गणिताच्या तासाला बाकावर ताल धरणाऱ्याला ऐकविली. आणि एका मुलाला तर ती अशा रीतीने ऐकविली की तिचे ओझे अजून माझ्या मनावरून उतरलेले नाही. त्याची हकीकत शेवटी सांगेन. म्हण खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु निवृत्तीनंतर सावकाश वाचन करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की म्हणीच्या शब्दांपेक्षा मीच अधिक बोलत होतो. ती एवढेच सांगते की, निदान एक तरी धड असावे. मी मुलांना सांगत आलो की, एकच असावे.

मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या प्राथमिक शिक्षकाने मोठमोठ्या विद्वानांविषयी बोलावे हे धाडसच आहे. तथापि आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ती माणसे पुराणातील किंवा इतिहासातील नाहीत. आपल्यात वावरणारी आहेत. गत काळातील पुरुषांच्या अंगी चौदा विद्या व चौसष्ट कला होत्या असे आपण सहज म्हणून जातो, कारण तेथे कोणी तपासावयास जात नाही. हयात माणसाची गोष्ट वेगळी. त्याचे नाटक फसले तर ते दुसऱ्याच दिवशी गावभर होते, आणि त्याचे औषध लागू पडले नाही तर रोगी उठून दुसरीकडे जातो.

ह्या विषयाचा उच्चार झाला की आम्हां विदर्भातील लोकांना प्रथम आठवण होते ती डॉ. श्रीकांत जिचकार ह्यांची. ते आज आपल्यात नाहीत. 2 जून 2004 रोजी मोटारीच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वैद्यकातील एम. डी., कायद्यातील पदवी, त्यावर कितीतरी विषयांतील एम. ए.; पोलीस सेवेत निवड झाली ती सोडली, प्रशासकीय सेवेत निवड झाली तीही सोडली, आणि 1980 साली ऐन पंचविशीत काटोलहून विधानसभेवर निवडून आले. माझ्या शाळेत त्यांचे नाव घेऊन मुलांना अभ्यासाला बसविण्याची चालच पडली होती. आणि हाही माझ्या वागण्यातील विरोधच म्हणावयाचा, कारण एका तोंडाने मी जिचकारांचा दाखला देत असे व दुसऱ्या तोंडाने चिंध्यांची म्हण ऐकवीत असे! परंतु पदव्यांच्या संख्येवरून बहुविधता मोजावी हे मला आज पटत नाही. परीक्षा कितीही कठीण असो, निकाल लागला की ती संपते. रोग्याची आणि प्रेक्षकाची परीक्षा कधी संपत नाही. म्हणून ज्यांनी दोन भिन्न क्षेत्रांत वर्षानुवर्षे काम केले, अशांकडेच आपण वळू.

अशी तीन माणसे पुण्याच्या एकाच संस्थेतून पुढे आली ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. ती संस्था म्हणजे नाट्यशाळा नव्हे, तर बैरामजी जीजीभॉय वैद्यकीय महाविद्यालय. डॉ. जब्बार पटेल तेथे शिकून बालरोगतज्ज्ञ झाले. डॉ. मोहन आगाशे तेथे शिकले व पुढे तेथेच मानसोपचारशास्त्राचे अध्यापक झाले. सतीश आळेकर ह्यांनी 1972 साली जीवरसायनशास्त्रातील एम. एस्सी. ही पदवी घेतली आणि त्याच महाविद्यालयाच्या जीवरसायन विभागात अनेक वर्षे नोकरी केली. त्याच 1972 सालच्या डिसेंबरात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले. दिग्दर्शक पटेल, नाना फडणविसांच्या भूमिकेत आगाशे. नाटकावर वादळ उठले, मूळ संस्थेने प्रयोग थांबविले. तेव्हा ह्या तरुणांनी 1973 साली 'थिएटर अकॅडमी' ही स्वतःची संस्था काढली. 1980 साली ते नाटक युरोपातही जाऊन आले. त्या नाटकात माणसांच्या रांगेचीच भिंत केलेली आहे. ती क्षणात उभी राहते व क्षणात मोडते. आमच्या दंडारीत नाचणाऱ्यांच्या रांगा पाहून ज्याचे डोळे तयार झाले आहेत त्याला ते मुळीच परके वाटत नाही, हे जाता जाता सांगतो.

आता पाहा. पटेल दौंडला मुलांचे दवाखान्याचे काम करीत होते; आणि 'सामना', 1977 सालचा 'जैत रे जैत', 1979 सालचा 'सिंहासन', त्यापुढील 'उंबरठा' हे चित्रपटही त्यांच्याच हातून झाले. ज्याने तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावयाचा, त्यानेच मंत्रालयातील राजकारणाचे डाव पडद्यावर मांडावयाचे. जानेवारी 2024 मध्ये शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय एक्याऐंशी होते. आळेकरांची गोष्ट अधिक शांत आहे. दिवसा प्रयोगशाळा, आणि रात्री 'महानिर्वाण', 'बेगम बर्वे' ह्यांसारखी नाटके. 1996 साली मात्र त्यांनी प्रयोगशाळा सोडली आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे संचालक झाले.

परंतु माझे मन सर्वाधिक रेंगाळते ते आगाशे ह्यांच्यापाशी, कारण त्यांच्या ठायी दोन विद्या शेजारी शेजारी राहत नाहीत. त्या एकमेकींच्या घरी जातात-येतात. पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे ते आरंभीचे संचालक. पुढे 1997 पासून 2002 पर्यंत पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक. मधल्या काळात, 1986 साली, बर्लिनचे 'ग्रिप्स' हे मुलांचे नाटक त्यांनी मराठीत आणविले. ह्या नाटकात राजा-राणी-राक्षस नाहीत. घरातील भांडणे, शाळेची भीती, आईबापांचे न ऐकणे अशा मुलांच्या खऱ्याखुऱ्या गोष्टी त्यात असतात, आणि मोठी माणसेच मुलांच्या भूमिका करतात. मुलाच्या मनाचा वैद्य नसता तर हे नाटक त्यांच्या नजरेत भरले असते का, ह्याची मला शंका आहे. पुढे 'अस्तु' ह्या चित्रपटात स्मरणशक्ती ओसरत चाललेल्या वृद्ध संस्कृत पंडिताची भूमिका त्यांनी केली. आणि 'कासव' हा मनाच्या खिन्नतेच्या आजारावरील चित्रपट निर्माता म्हणून उभा केला. त्याला 2017 साली राष्ट्रीय पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. अभिनय त्यांना रोग्याकडे नेतो आणि रोगी त्यांना अभिनयाकडे, असे मी समजतो.

येथे कोणी म्हणेल की, मास्तर, हे सर्व प्रतिभेचे देणे आहे. आमच्या बाळूला त्याचे काय? मी असे म्हणतो की, प्रतिभा असेल, पण तिच्या जोडीला दुसरेही काही होते. एक म्हणजे सोबती. एकाच संस्थेत, एकाच वयाची, सायंकाळी तालमीला जमणारी दहा-वीस मुले होती. पुण्यात महाविद्यालयांची पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालत आलेली होती; म्हणजे नाटक करणे हा तेथे चुकार मुलांचा धंदा समजला जात नव्हता. दुसरे म्हणजे पोटाची व्यवस्था. प्रायोगिक नाटकावर घर चालत नाही; घर चालविण्यास दवाखाना अगर नोकरी होती, म्हणून नाटकाला गल्ल्याकडे पाहून वाकावे लागले नाही. तिसरी गोष्ट, जी मला मास्तर म्हणून महत्त्वाची वाटते, ती ही की दोन्हीकडे त्यांनी उमेदवारी पूर्ण केली. नाटकवाला म्हणून वैद्यकात सूट मागितली नाही आणि डॉक्टर म्हणून नाटकात कौतुक मागितले नाही.

दोन्ही गोष्टी जन्मभर सांभाळल्याच पाहिजेत असा मात्र नियम नाही. ह्याच महाविद्यालयात त्यांच्या आधी शिकलेले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य होते. 1969 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी वैद्यकी सोडून रंगभूमीलाच वाहून घेतले. 2019 साली ते गेले. गायिका डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे ह्यांचेही तसेच. सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी., भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रातील पीएच. डी.; आणि त्याच वर्षांत आई माणिकताई भिडे ह्यांच्याकडे जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम. पुढे त्यांनी गाणेच धरले. मग ती पीएच. डी. वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी स्वतः बांधलेल्या बंदिशी 'रागरचनांजली' ह्या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या आहेत. आपले काम नीट मांडून, नोंदवून, दुसऱ्याच्या हाती देण्याची ही सवय प्रयोगशाळेत पक्की झाली असावी, असा माझा तर्क आहे. अच्युत गोडबोले ह्यांचे नाव पुष्कळ घरांत ठाऊकच आहे: शिक्षणाने रसायन अभियंते, व्यवसायाने संगणक कंपन्यांचे प्रमुख, आणि ग्रंथकार म्हणून संगीतापासून मानसशास्त्रापर्यंत कोठेही सहज फिरून येणारे.

ही झाली मुंबई-पुण्याकडील माणसे. आमच्या झाडीपट्टीत असे कोणी आहे की नाही? आहे, आणि इतके आहेत की आम्हांस त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत, धान घरात आले की, भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात. वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव जातात. रंगमंचावर जो रात्री खलनायक, तो आषाढात गुडघाभर चिखलात रोवणी करीत असतो. जो विनोदी नट, तो कोठे तरी शिक्षक असतो. गडचिरोली जिल्ह्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे ह्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ते झाडीपट्टीचे नट आणि शेतकरीही. वर्तमानपत्रांनी त्यांच्या अभिनयाविषयी पुष्कळ लिहिले, ते योग्यच झाले. शेतीविषयी मात्र कोणी फारसे विचारले नाही. शेती ही विद्या आहे हे आपण शहरवासी लोक अद्याप मनापासून मानीत नाही. पाऊस केव्हा हुलकावणी देईल, पऱ्हे केव्हा काढावे, बांधीत पाणी किती राखावे, हे कळण्यास कोणत्याही पदवीइतकीच वर्षे लागतात.

मारुती चितमपल्ली ह्यांचेही स्मरण येथे झालेच पाहिजे. जून 2025 मध्ये ते निवर्तले. नोकरी वनाधिकाऱ्याची, आमच्या नवेगावबांधच्या जंगलात त्यांनी वर्षे काढली. तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होते; 1999 पासून गोंदियात मोडते. आणि तोच अधिकारी 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष! पाखरांची आणि झाडांची लोकांच्या तोंडची नावे त्यांनी रानात राहणाऱ्या माणसांकडून शिकून घेतली व मराठीला दिली. जंगलखात्याच्या दौऱ्यावर गेले नसते तर ही शब्दसंपदा त्यांना कोणत्या ग्रंथालयात सापडली असती?

आमच्याकडे शेतकरी धान उभे असतानाच, कापणीच्या थोडे आधी, ओल्या बांधीत लाखोरी फेकतात. धानाची कापणी होते आणि मागे राहिलेल्या ओलीवर लाखोरी वाढते. त्यासाठी नवी जमीन लागत नाही, वेगळा पाऊस लागत नाही. मात्र ओल आहे तोवर बी पडले पाहिजे. जमीन सुकल्यावर फेकलेले बी पाखरेच खातात.

आता त्या मुलाची हकीकत. इयत्ता सातवीत होता. गणितात असा की फळ्यावरचे उदाहरण माझे लिहून होण्यापूर्वी उत्तर सांगे. आणि दंडारीच्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, त्याचा हात असा फिरे की म्हातारी माणसे मान डोलावीत. हिवाळ्यात रात्रीची जागरणे होत. सकाळी वर्गात त्याला पेंग येई. मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले आणि ती म्हण ऐकविली. वडील भिडस्त, मास्तरांचा शब्द म्हणजे वेदवाक्य. त्यांनी त्याच आठवड्यात पेटी विकून टाकली. मुलगा काही बोलला नाही. पुढे शिकला, एका कार्यालयात हिशेबनीस झाला, संसार नीट केला. जागरण कमी कर एवढेच सांगितले असते तर काम भागले असते, हे त्या वेळी मला सुचले नाही.

दोन वर्षांपूर्वी मंडईत तो भेटला. आम्ही दोघे शेजारी बसून नाटक पाहत होतो. पदे सुरू झाली की त्याची बोटे गुडघ्यावर चालू लागत; माझे लक्ष आहे असे दिसताच थांबत. मी म्हटले, "अरे, अजून येते की तुला!" तो हसून म्हणाला, "नाही गुरुजी, आता बोटे वळत नाहीत." मग थोड्या वेळाने संकोचून म्हणाला, "धाकटी मुलगी पेटी मागते आहे. गणितातही बरी आहे. तुम्ही काय म्हणता?"

मी त्याला म्हटले, पेटी घे. आणि गणितासाठी तिला मजकडे पाठीव. तेव्हापासून ती रोज सायंकाळी पाच वाजता येते. दर मंगळवारी साकोलीहून तिचे पेटीचे शिक्षक येतात, म्हणून त्या दिवशी माझ्याकडची शिकवणी बंद असते. एकदा वार्षिक परीक्षा तोंडावर असताना मंगळवारीच तिला हाक मारावी असे माझ्या मनात आले होते. त्यांच्या दारापर्यंत गेलोही होतो. आतून पेटीचा आवाज येत होता, तेव्हा तसाच परत फिरलो.