आपल्या रस्त्याखालचा सबवे



वर्धापनदिनी कुणी सणवारांवर बोलते, कुणी मुलांच्या संगोपनावर. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी, मला त्यातले फारसे बोलता येत नाही. म्हणून आपल्या वस्तीपुढच्या हमरस्त्याखालच्या सबवेविषयी चार शब्द सांगते.

गेल्या आषाढात आमच्या इमारतीतल्या आजी दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडीत होत्या. मोटारसायकलचा धक्का लागून त्यांचा पाय मोडला. सबवे वीस पावलांवर होता. लोक म्हणाले, आजी तिकडून का गेल्या नाहीत? मी विचारते, दिवा नसलेल्या त्या भुयारात संध्याकाळी सात वाजता तुम्ही तरी उतराल का?

खरे पाहता गुडघ्यांना सबवेच सोयीचा. रस्त्यावरून पूल बांधायचा म्हणजे भरलेला ट्रक खालून जायला हवा, त्यासाठी साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवतात. सहा इंचांची पायरी धरली तर छत्तीस-सदतीस पायऱ्या झाल्या. सबवेत माणसाचे डोके लागले नाही म्हणजे पुरे. छताची जाडी धरूनही वीस-बावीस पायऱ्यांत काम भागते. (आमच्या सबवेच्या मी दोनदा मोजल्या, बावीस आहेत.)

मग बायका टाळतात का? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी बोरीबंदरचा सबवे आहे, तिथे कुणी टाळीत नाही. दिवे असतात, दोन्ही बाजूंना दुकाने असतात, गर्दी तर अशी की पर्स पोटाशी धरावी लागते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी भलत्याच तोंडाने बाहेर पडले, पण भीती मात्र वाटली नाही. आपल्या सबवेत दुकान नाही, माणूस नाही, कोपऱ्यात घाण, आणि वळणापलीकडे कोण उभे आहे ते दिसत नाही. बाईमाणूस नाकाला पदर लावून तरी किती वेळा जाईल!

पावसाळ्याचे वेगळेच. खोलगट जागा ती, पाणी तिथेच धावणार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आपण कुणी विसरलेलो नाही. पण त्याहून पुष्कळ कमी पावसातही, मोगरा नाला चढला की अंधेरीचा सबवे बंद होतो. मिलन सबवेला २०१३ साली वरून पूल मिळाला, तेव्हापासून गाड्यांची सोय झाली. असे पाणी कितीही उथळ दिसो, मुलांना त्यात पाऊल घालू देऊ नका. खालचे झाकण उघडे आहे की नाही ते वरून कळत नाही.

दिव्यांसाठी आम्ही तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर एकच, नोंद घेतली आहे. आता मंडळाच्या वतीने लेखी अर्ज द्यावा असे मला वाटते. त्यात चारच गोष्टी मागू : दिवे, रोजची झाडलोट, पाणी उपसायला पंप, आणि वळणावर मोठा आरसा. दिवे लागेपर्यंत भजनाहून परतताना आपण सात-आठ जणी मिळून, हातात विजेरी घेऊन, सबवेनेच जाऊ. चार बायका नेमाने जाताना दिसल्या की पाचवी आपणहून येते.

अर्ज खजिनदारबाईंकडे ठेवला आहे. चहा झाला की सह्या कराव्यात. आजींनी कालच केली, अंथरुणावर बसून.