विद्यार्थी की वेठबिगार?

(पुण्यातील युवक कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संक्षेप)



९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण पुण्यात सापडले. महिनाभरात ससून रुग्णालयाची अकरा मजली नवी इमारत या रुग्णांसाठी उघडण्यात आली, आणि ससूनला जोडलेल्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालयातील शिक्षणाची घडी विसकटली. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुले गावी परतली. शवविच्छेदनासारखा हातांनी शिकावयाचा विषय त्यांनी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. घरात एकच फोन आणि तो वडिलांच्या खिशात असेल, तर तेवढेही नाही.

खरा भार पडला तो निवासी डॉक्टरांवर. निवासी डॉक्टर हा तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी असतो, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. शल्यशास्त्र शिकावयास आलेला तरुण नियोजित शस्त्रक्रिया थांबल्याने संरक्षक पोशाखात घामाघूम होऊन रुग्णांच्या प्राणवायूची पातळी मोजीत राहिला. नेत्ररोग, त्वचारोग शिकणाऱ्यांची गत निराळी नव्हती. नातेवाइकांना कक्षात प्रवेश नव्हता. तेव्हा मृत्यूची वार्ता फोनवरून कळविण्याचे कामही या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलामुलींकडे आले. रात्रपाळी संपल्यावर त्यांनी अभ्यासाचे पुस्तक कोणत्या मनाने उघडावयाचे?

काम त्यांनी टाळले नाही. पण जे शिकावयाचे राहिले त्याची भरपाई कोणी केली? शुल्क मात्र आकारले गेलेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘मार्ड’ने संप पुकारला, त्यात शुल्कमाफीची मागणी अग्रभागी होती ती यामुळेच.

त्यात परीक्षांचा घोळ. पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट’ १८ एप्रिल २०२१ रोजी व्हावयाची होती, ती ११ सप्टेंबरला झाली. पुढे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या निकषांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि प्रवेशाची वाट मोकळी झाली ७ जानेवारी २०२२ रोजी. तोवर बाहेरचे विद्यार्थी तीच पुस्तके पुन्हा उघडीत अधांतरी बसले होते, आणि आत पहिल्या वर्षाची तुकडीच नसल्याने तीन तुकड्यांचा गाडा दोन तुकड्या ओढीत होत्या. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिलेली आहे. कोणत्याही निवासी डॉक्टरला ती वाचून दाखवा, तो हसेल.

अशा स्थितीत झोप उडते, मन खचते, नापास होण्याचे भय मानगुटीवर बसते. यावर उपाय म्हणून समुपदेशनाची दूरध्वनी सेवा पुढे केली जाते. समुपदेशन नको असे नव्हे. आजारी मनाला वैद्य हवाच. परंतु छत्तीस तास जागविलेल्या माणसाला ‘मन शांत ठेवा’ असे सांगणे म्हणजे व्यवस्थेचा दोष त्याच्या स्वभावावर ढकलणे होय. २२ मार्च २०२० रोजी ज्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या, त्यांनी हक्क मागताच ‘सेवाभाव कोठे गेला’ हा प्रश्न आला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ साली याच पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचा दाखलाही दिला जातो. सावित्रीबाईंनी सेवा स्वेच्छेने पत्करली होती. या विद्यार्थ्यांना नकाराची मुभाच नव्हती, आणि पदवीची किल्ली काम घेणाऱ्याच्याच हाती होती.

म्हणून युवक कार्यकर्त्यांनी आधी वसतिगृहांत जावे, कोण किती तास राबतो याची नोंद विद्यार्थ्यांकडूनच घ्यावी, आणि ४८ तासांच्या मर्यादेला राज्याच्या कायद्यात स्थान मिळावे म्हणून ती नोंद विधिमंडळाच्या अधिवेशनापूर्वी पुण्याच्या प्रत्येक आमदाराच्या टेबलावर ठेवावी.